चार भाषा, दहा कोटी आणि वीरास्वामींचा मुलगा

१९९१ साल मराठी प्रेक्षकाच्या लक्षात आहे ते ‘माहेरची साडी’मुळे. विजय कोंडके हे दादा कोंडक्यांचे पुतणे. त्यांनी एक चाललेला राजस्थानी सिनेमा हेरला, त्याची कथा मराठीत आणली, अलका कुबलना डोक्यावर पदर दिला आणि बेताच्या खर्चात असा सिनेमा काढला की गावोगावच्या बायका डोळे पुसत थिएटरबाहेर पडल्या. त्याच वर्षी बंगळूरमध्येही घरच्याच माणसाचा एक सिनेमा लागला. खर्च दहा कोटी रुपये. तोवर भारतात एवढा पैसा कुठल्याच सिनेमावर लागला नव्हता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. सिनेमाचं नाव ‘शांती क्रांती’.

दहा कोटींचा हा डाव ज्या पेठेत मांडला गेला तिचं नाव गांधीनगर. मॅजेस्टिकच्या बसस्थानकासमोर, केंपेगौडा रस्त्याच्या आत वसलेली ही वस्ती. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगला जो मान होता तोच इथे गांधीनगरला. निर्माते, वितरक, सावकार सगळे चार गल्ल्यांत. आजूबाजूला नर्तकी, संतोष, त्रिवेणी, सागर, कपाली अशी थिएटरं. शुक्रवारी सकाळच्या खेळाला किती मोटारसायकली उभ्या आहेत, यावरून दुपारपर्यंत सिनेमाचं भवितव्य ठरायचं.

या गांधीनगरात एन. वीरास्वामी हे वजनदार नाव होतं. त्यांच्या ईश्वरी प्रॉडक्शन्सने १९७२ साली ‘नागरहावु’ काढला. दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल, कथा त. रा. सुब्बराव यांच्या कादंबऱ्यांवरची, पार्श्वभूमीला चित्रदुर्गचा किल्ला. रामाचारी या तापट पोराच्या भूमिकेत विष्णुवर्धन नावाचा नवा मुलगा होता आणि खलनायकी ढंगाच्या छोट्या भूमिकेत अंबरीश नावाचा आणखी एक नवा मुलगा. पुढे दोघांनी कन्नड पडद्यावर अनेक दशकं राज्य केलं. म्हणजे वीरास्वामींनी घराबाहेरची दोन पोरं उभी केली, तीही एकाच सिनेमात. १९८३ चा त्यांचा ‘चक्रव्यूह’ चालला तेव्हा त्याचा हिंदी अवतार ‘इन्किलाब’ही याच घराने काढला, अमिताभ बच्चन आणि श्रीदेवीला घेऊन. त्यावर निर्माता म्हणून वीरास्वामींच्या जोडीला त्यांच्या मुलाचंही नाव होतं. व्ही. रविचंद्रन. वय तेविशीच्या आत.

हा मुलगा नुसता बापाच्या खुर्चीवर बसणारा नव्हता, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर पुढची गोष्ट फारच सोपी होऊन जाईल. १९८७ साली त्याने ‘प्रेमलोक’ काढला. लेखक, दिग्दर्शक, नायक सगळं स्वतः. कन्नड सिनेमा तोवर कादंबऱ्या, देवादिक आणि ग्रामीण कुटुंबकथा यांत रमलेला. या पोराने कॉलेज, मोटारसायकली, धुकं आणि डझनभर गाणी पडद्यावर ओतली. संगीतकार हंसलेखा अजून नाव न झालेला. नायिका जुही चावला. तिचा ‘कयामत से कयामत तक’ यायला अजून वर्ष होतं. वडिलांचा शब्द गांधीनगरात चालत होता, त्यामुळे विष्णुवर्धन, अंबरीश, प्रभाकर अशी बडी मंडळी एकेका प्रसंगापुरती येऊन गेली. कॅसेटची दुकानं या गाण्यांवर चालली. लहरी म्युझिक ही बंगळूरची कंपनी मोठी होण्यात ‘प्रेमलोक’चा वाटा फार मोठा. पुढच्याच वर्षी ‘रणधीर’ आला, सुभाष घईंच्या ‘हिरो’वरून घेतलेला. तोही धो धो चालला. सत्ताविशीत दोन मोठी यशं, घरची कंपनी, घरचा पैसा, हाताशी हंसलेखा. आता याला कोण अडवणार?

कुणी अडवलं नाही.

‘शांती क्रांती’ची कल्पना अशी. लहान मुलांना पळवून त्यांच्या अवयवांचा व्यापार करणारा ‘डॅडी’ नावाचा गुन्हेगार, आणि त्याच्यामागे लागलेला पोलीस अधिकारी सुभाष. डॅडीच्या भूमिकेत अनंत नाग. ‘मालगुडी डेज’मुळे महाराष्ट्राच्या ओळखीचे झालेले शंकर नाग यांचे हे थोरले बंधू. नायिका जुही चावला आणि खुशबू. इथवर ठीक. पण सिनेमा एका भाषेत काढायचा नव्हता. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा चार भाषांत, एकाच वेळी, चारही वेळा नव्याने चित्रित करून काढायचा होता. कन्नडमध्ये नायक स्वतः रविचंद्रन, तेलुगूत नागार्जुन, तमिळ आणि हिंदीत रजनीकांत.

रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्याच मराठी घरातला मुलगा, सिनेमात जाण्याआधी याच शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडणारा. ज्या मॅजेस्टिकमध्ये त्याच्या बसगाड्या येऊन थांबायच्या, तिथून हाकेच्या अंतरावरच्या एका घरंदाज कंपनीने त्याला दोन भाषांचा नायक म्हणून आणलं. या सगळ्या प्रकरणात ज्याच्या पाठीशी बाप, काका, मेहुणा असं कुणीच नव्हतं असा बहुधा हाच एक मोठा माणूस. आणि पडझडीतून तोच सर्वांत सहज बाहेर पडला. तमिळ अवतार ‘नाट्टुक्कु ओरु नल्लवन’ २ ऑक्टोबर १९९१ ला लागला आणि आपटला. महिनाभरात दिवाळीला मणिरत्नमचा ‘दळपती’ आला आणि लोक मधला सिनेमा विसरूनही गेले.

चार भाषांचं चित्रीकरण म्हणजे काय, हे जरा जवळून पाहिल्याशिवाय दहा कोटींचा हिशेब कळत नाही. समजा नायक दार ढकलून आत येतो आणि खलनायकाला दोन वाक्यं सुनावतो, एवढाच प्रसंग आहे. प्रकाशयोजना एकदा होते, कॅमेरा एकदा लागतो, इथवर बचत. मग कन्नड नायक दार ढकलतो. तो बाजूला झाला की तेलुगू नायक. त्याच्यानंतर तिसरा, आधी तमिळमध्ये, मग हिंदीत. प्रत्येकाची उंची वेगळी, चाल वेगळी, दारापासून टेबलापर्यंतची पावलं वेगळी, म्हणून प्रकाश पुन्हा हलवायचा. समोरच्या नटाला तेच उत्तर वेगवेगळ्या भाषांत ओठ जुळवून द्यायचं. एक रिटेक म्हणजे चार रिटेकची शक्यता. त्या काळी सगळं फिल्मवर चालायचं. कच्ची फिल्म फुटावर मोजली जायची आणि वाया गेलेला फूट परत मिळत नव्हता. आणि हे सगळं तेव्हाच शक्य, जेव्हा तिन्ही नायक एकाच दिवशी एकाच सेटवर हजर असतील. मद्रास, हैदराबाद आणि बंगळूर अशा तीन गावांतल्या तीन अतिव्यस्त माणसांच्या तारखा. एकाची तारीख हुकली की सेट तसाच उभा, माणसं बसून, भाडं आणि व्याज चालू.

बोलपटांच्या सुरुवातीला प्रभातसारख्या कंपन्या एकच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढत, तेही वेगवेगळ्या चित्रीकरणाने. पण तिथे नट कंपनीचे पगारी नोकर होते, स्टुडिओ स्वतःचा होता, आणि भाषा दोनच होत्या. ‘शांती क्रांती’ने ती पद्धत दुप्पट करून उचलली आणि तिला सांभाळणारा स्टुडिओचा सांगाडा मात्र मागेच राहिला.

काम दोन वर्षांच्या आसपास रेंगाळलं. भव्यता वाढत गेली, गर्दीची दृश्यं वाढत गेली. या सगळ्याचा लेखक कोण, दिग्दर्शक कोण, निर्माता कोण आणि कन्नड नायक कोण, या चार प्रश्नांचं उत्तर एकच. दिग्दर्शकाने जादा दिवस मागितले तर निर्मात्याने कपाळाला आठ्या घालायच्या असतात. इथे दोघांचं कपाळ एकच होतं. माझ्या मते दहा कोटी बुडाले ते भाषा चार होत्या म्हणून नव्हे. चार टेबलांवर बसायची माणसं एकाच खुर्चीत बसली होती, आणि त्या खुर्चीला घरच्या पैशाची गादी होती.

चारही भाषांत सिनेमा पडला.

रविचंद्रन कर्जात गेले. त्यातून वर आले कसे, हे पडण्यापेक्षा जास्त बोलकं आहे. त्याच वर्षी तमिळमध्ये पी. वासूंचा ‘चिन्न तंबी’ तुफान चालला होता. ईश्वरी प्रॉडक्शन्सने त्याची कन्नड आवृत्ती करायची ठरवली. एक भाषा, तयार कथा, मोजका खर्च. दिग्दर्शनाची खुर्ची रविचंद्रननी डी. राजेंद्रबाबूंकडे दिली आणि आपण फक्त कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. नायिका मालाश्री, संगीत अर्थातच हंसलेखा. नाव ठेवलं ‘रामाचारी’, वडिलांच्या ‘नागरहावु’मधल्या नायकाचं. सिनेमाने गल्ला भरून दिला. पुढे ‘हळ्ळी मेष्ट्रु’, ‘गोपीकृष्ण’, ‘अण्णय्या’ अशी रांग लागली, त्यातले बरेच दुसऱ्या भाषेतून आणलेले. स्वतःची कथा घेऊन आभाळाला हात लावू पाहणारा माणूस पुढची काही वर्षं इतरांच्या चाललेल्या कथा करून देणी फेडत राहिला.

घरच्या माणसावर डाव लावणं हे काही बंगळूरचंच खूळ नव्हतं. ‘शांती क्रांती’च्या आदल्या वर्षीच्या नाताळात अमेरिकेत ‘द गॉडफादर’चा तिसरा भाग लागला होता. पॅरामाउंटला नाताळची तारीख हवी होती, म्हणून पटकथा घाईत झाली. ‘वन फ्रॉम द हार्ट’च्या अपयशानंतर कर्जात सापडलेल्या फ्रान्सिस फोर्ड कपोलांना कामाची गरज होती. मायकल कॉर्लिओनीच्या मुलीच्या भूमिकेसाठी आलेल्या विनोना रायडरने रोममध्ये पोचल्यावर आजारपणामुळे माघार घेतली, आणि कपोलांनी ऐन वेळी आपली मुलगी सोफिया उभी केली. बहीण तालिया शायर आधीपासून मालिकेत होतीच, वडील कारमाइन संगीताला होते. समीक्षकांनी त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला सोलून काढलं. सगळ्यात वाईट कामासाठी दिलं जाणारं रॅझी तिला मिळालं. हीच सोफिया पुढे ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’च्या पटकथेसाठी ऑस्कर घेऊन गेली. म्हणजे मुलगी बिनकामाची नव्हती. तिला ज्या जागी, ज्या घाईत उभं केलं ते चुकलं होतं. मुंबईत बोनी कपूर यांनी भाऊ अनिलला घेऊन ‘रूप की रानी चोरों का राजा’ काढला. शेखर कपूर मध्येच सोडून गेले, सतीश कौशिक यांच्या पहिल्यावहिल्या दिग्दर्शनात तो १९९३ मध्ये पुरा झाला आणि सपाट झाला. धाकट्या संजयसाठी काढलेला ‘प्रेम’ तर त्याहून रखडून १९९५ मध्ये लागला.

मग घरच्या माणसाला घेऊन सिनेमा काढूच नये का? याचं उत्तर शोधायला बंगळूर सोडायची गरज नाही. गांधीनगराने आजवर पाहिलेली सगळ्यात यशस्वी घराणेशाही सदाशिवनगरच्या एका घरातून चालायची आणि ती चालवायची एक बाई.

पार्वतम्मा राजकुमार. कन्नड पडद्याचे नायक डॉ. राजकुमार यांच्या पत्नी, म्हैसूर जिल्ह्यातल्या सालिग्रामच्या. १९७५ साली ‘त्रिमूर्ती’पासून त्या निर्मितीत उतरल्या. मुलांना नायक करायचं हे त्या घरात ठरलेलंच होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पण कसं? थोरल्या शिवराजकुमारला १९८६ साली ‘आनंद’मधून आणलं. दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव, म्हणजे त्या काळातला कसलेला माणूस. कथा साधी, तरुण, खर्च आवाक्यातला. पाठोपाठ ‘रथसप्तमी’ आणि ‘मनमेच्चिद हुडुगी’. तिन्ही चालले आणि पोराला ‘हॅट्ट्रिक हिरो’ ही पदवी कायमची चिकटली. मधल्या राघवेंद्रला आणलं, त्याला ‘नंजुंडी कल्याण’ने हात दिला. धाकट्या पुनीतला आधी लहानपणी ‘बेट्टद हूवु’ करू दिला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नायक म्हणून मात्र २००२ पर्यंत थांबवून ठेवलं.

या घरात कथेला एक चाळणी होती. राजकुमारांचे भाऊ वरदप्पा. ते कादंबऱ्या वाचायचे, कथा ऐकायचे, पसंत-नापसंत करायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय गोष्ट पुढे जात नसे. पैशाच्या किल्ल्या पार्वतम्मांकडे. नायक कितीही मोठा असो, तो घरातला मुलगाच असल्यामुळे त्याला रागावणारी माणसंही घरातच होती. म्हणजे ज्या नात्याने रविचंद्रनना मोकळं सोडलं, त्याच नात्याने इथे लगाम धरला.

आणि दुसरी गोष्ट, जी फार कमी वेळा सांगितली जाते: मुलांच्या पाठीमागून या बाईने बाहेरची किती माणसं आत आणली ते मोजावं. ‘आनंद’मध्ये सुधाराणी, ‘नंजुंडी कल्याण’मध्ये मालाश्री, ‘अप्पू’मध्ये रक्षिता, ‘अभी’मध्ये रम्या. रविचंद्रनना ‘रामाचारी’मध्ये तारणारी मालाश्री ती हीच. १९९५ साली शिवराजकुमारचा ‘ओम’ त्यांनी उपेंद्र नावाच्या तरुणाकडे सोपवला. उपेंद्रने बंगळूरच्या अंधाऱ्या जगाची गोष्ट रचली आणि गुन्हेगारी जगातली काही खरीखुरी मंडळी कॅमेऱ्यासमोर उभी केली. राजकुमारांच्या घरातून असला सिनेमा निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ‘ओम’ पुढे पाचशेहून अधिक वेळा पुन्हा प्रदर्शित झाला, याची लिम्का बुकात नोंद आहे.

आता पंचवीस वर्षं पुढे. ‘शांती क्रांती’नंतर कन्नड सिनेमात एवढ्या मोठ्या रकमेचा जुगार पुन्हा रंगला तो २०१६ मध्ये, आणि तोही एका मुलासाठी.

एच. डी. कुमारस्वामी देशाला ठाऊक आहेत ते राजकारणी म्हणून. देवेगौडांचे चिरंजीव, कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री. पण त्याआधीपासून ते सिनेमाचे वितरक आणि निर्माते, आणि हुशार निर्माते. विष्णुवर्धनना घेऊन १९९९ चा ‘सूर्यवंश’ त्यांचा. २००३ चा ‘चंद्र चकोरी’ त्यांचा. त्यात श्रीमुरली हा नवा मुलगा आणला, म्हणजे पार्वतम्मांचा भाचा. दुसऱ्याच्या घरातला पोरगा, एस. नारायणसारखा धंदा जाणणारा दिग्दर्शक, खर्च आटोक्यात. सिनेमा महिनोन्महिने हलला नाही. असा हिशेबी माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी काय करतो?

‘जग्वार’ ६ ऑक्टोबर २०१६ ला कन्नड आणि तेलुगूत लागला. निखिल कुमारस्वामीचं पदार्पण. वर्तमानपत्रांत आलेला खर्चाचा आकडा ७५ कोटी. कुठल्याही नवख्याच्या पहिल्या सिनेमाला, आणि तेही कन्नडमध्ये, असा आकडा ऐकिवात नव्हता. कथा ‘बाहुबली’वाल्या विजयेंद्र प्रसादांची, संगीत थमनचं, छायाचित्रण मनोज परमहंस यांचं, जगपती बाबू आणि रम्या कृष्णन यांच्यासारखे दाक्षिणात्य दिग्गज, एका गाण्यापुरती तमन्ना. पैशाने जे जे आणता येतं ते सगळं आणलं होतं. कन्नड सिनेमाची बाजारपेठ तेव्हा केवढी होती, हे मात्र वितरक म्हणून उमेदवारी केलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. सिनेमा खर्चाच्या मानाने काहीच वसूल करू शकला नाही.

पण ‘जग्वार’चा खरा सिनेमा पडद्याबाहेर घडला आणि तीन वर्षांनी लागला. गाण्यांच्या प्रकाशन सोहळ्यात व्यासपीठावरून वडिलांनी हाक मारली, ‘‘निखिल एल्लिद्दीयप्पा?’’ निखिल, कुठे आहेस रे बाबा? गर्दीतून मुलाचं उत्तर आलं, की मी इथेच आहे, जनतेमध्ये. ठरवून बसवलेला प्रसंग, भोळाभाबडा, त्या वेळी कुणी फार लक्ष दिलं नाही. २०१९ मध्ये निखिलला मंड्यातून लोकसभेची उमेदवारी मिळाली. वडील मुख्यमंत्री, आजोबा माजी पंतप्रधान. कुणीतरी ती जुनी चित्रफीत शोधून काढली आणि आठवड्याभरात कर्नाटकातल्या शाळकरी पोरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत प्रत्येकजण एकमेकाला विचारू लागला, निखिल, कुठे आहेस रे बाबा? या वाक्याचंच सिनेमाचं नाव नोंदवायला काही निर्माते फिल्म चेंबरकडे धावले.

निखिलच्या विरोधात अपक्ष उभ्या होत्या सुमलता, म्हणजे वीरास्वामींच्या ‘नागरहावु’तून आलेल्या अंबरीशच्या पत्नी. अंबरीश आदल्या नोव्हेंबरात गेले होते. सुमलतांच्या प्रचाराला उतरलेल्या नटांमध्ये होता यश, ज्याचे वडील सरकारी बसचे चालक. सुमलता १,२५,८७६ मतांनी निवडून आल्या. निकाल २३ मे रोजी लागला आणि ३१ मे रोजी त्यांच्या मुलाचा, अभिषेक अंबरीशचा, पहिला सिनेमा ‘अमर’ थिएटरांत आला. घराणेशाहीविरुद्धचा कौल म्हणून तो निकाल सांगणाऱ्यांनी ही दुसरी तारीखही सांगावी.

यश त्या प्रचाराला आला तेव्हा ‘केजीएफ’चा पहिला भाग येऊन तीन-चार महिने झाले होते. विजय किरगंदूर यांची होंबाळे फिल्म्स, दिग्दर्शक प्रशांत नील, बंगळूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कोलारच्या बंद खाणी आणि सायनाईडच्या गाळाचे डोंगर. खर्च ८० कोटींच्या घरात, म्हणजे ‘जग्वार’हून फार वेगळा नाही. पहिल्या भागाने अडीचशे कोटींच्या आसपास गल्ला केला; एप्रिल २०२२ मधल्या दुसऱ्या भागाने बाराशे कोटी ओलांडले. या दुसऱ्या भागाचं संकलन नीलनी कलबुर्गीच्या उज्ज्वल कुलकर्णी या मुलाकडे दिलं. वय एकोणीस. त्याचा मामा-काका गांधीनगरात नव्हता.

तरी नात्यागोत्याचं पाणी इथेही मुरलंच होतं. प्रशांत नीलचा पहिला सिनेमा ‘उग्रम’ उभा राहिला तो त्यांच्या मेहुण्याला नायक करून, आणि हा मेहुणा म्हणजे ‘चंद्र चकोरी’वाला श्रीमुरली. गांधीनगरात कुठलाही धागा ओढा, दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी भाचा सापडतो. फरक एवढाच की ‘उग्रम’ छोटा होता. दिग्दर्शकाने मेहुण्यावर हात बसवला आणि मग परक्या नायकावर, परक्या निर्मात्याच्या पैशाने, मोठा डाव लावला.

‘केजीएफ’च्या यशातून गांधीनगराने नेमका नको तो धडा घेतला. कोळशासारखा काळा पडदा, मशीनगन, आईची शपथ, सतत बोलणारा निवेदक आणि शेवटी ‘दुसरा भाग लवकरच’ हा मजकूर, एवढी सामग्री जमली की पाचशे कोटी नक्की, अशी समजूत झाली. मार्च २०२३ मध्ये, पुनीतच्या जन्मदिनी, ‘कब्जा’ लागला. नायक ‘ओम’वाला उपेंद्र, सोबत सुदीप, शेवटच्या मिनिटांत शिवराजकुमार. शंभर कोटींच्या वरच्या खर्चाच्या बातम्या होत्या. गोष्ट संपण्याऐवजी मध्येच थांबली आणि पुढच्या भागाचं आश्वासन देऊन दिवे लागले.

मग ‘मार्टिन’. ऑक्टोबर २०२४. नायक ध्रुव सर्जा, कथा त्याचा मामा आणि दक्षिणेतला नामवंत नट अर्जुन सर्जा याची, दिग्दर्शक ए. पी. अर्जुन, ज्यांच्या ‘अद्दूरी’तून ध्रुव २०१२ मध्ये आला होता. पुन्हा शंभर कोटींच्या वरचे आकडे छापून आले. ट्रेलर मुंबईत परदेशी पत्रकार बोलावून डझनभर भाषांत दाखवला. दरम्यान काम इतकं लांबलं की स्पेशल इफेक्ट्सच्या कामावरून निर्मात्याने पोलिसांत तक्रार दिली आणि निर्माता-दिग्दर्शकाचं भांडण उच्च न्यायालयाच्या दारात गेलं. तेहतीस वर्षांपूर्वी ‘शांती क्रांती’त निर्माता आणि दिग्दर्शक एकच होते म्हणून कुणी कुणाला अडवलं नाही, इथे दोघे वेगळे होते, पण अडवायचं ते पटकथेच्या टेबलावर, ते राहून गेलं आणि वकिलांमार्फत सुरू झालं. सिनेमा बहुभाषिक होता. बंगळूरबाहेर त्याला फारसं कुणी विचारलं नाही, आणि कर्नाटकातही खर्चाच्या पाव हिश्श्याच्या आसपासच गल्ला जमला.

रविचंद्रनच्या घरात पुढची पिढी आली आहे. थोरला मनोरंजन २०१७ मध्ये ‘साहेबा’तून, धाकटा विक्रम २०२२ मध्ये ‘त्रिविक्रम’मधून. दोघांचेही पहिले सिनेमे बाहेरच्या निर्मात्यांनी काढलेले, एका भाषेचा हिशेब मांडून केलेले. मुलांसाठी रविचंद्रननी दहा कोटींचा दुसरा डाव मांडला नाही.

जुलै २०२५ मध्ये मात्र गांधीनगराला वेगळ्याच दिशेने धक्का बसला. तळपाडीकडच्या तुळू रंगभूमीवरून आलेल्या जे. पी. तुमिनाड यांनी ‘सु फ्रॉम सो’ नावाचा भुताखेताचा विनोदी सिनेमा लिहिला, दिग्दर्शित केला. निर्माता राज बी. शेट्टी. बड्या घराण्यातला नायक नाही, दुसऱ्या भागाची घोषणा नाही, खर्च पाच-सहा कोटींच्या आतला. पहिल्या आठवड्यानंतर बंगळूरच्या थिएटरांना पहाटेचे जादा खेळ लावावे लागले, आणि गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेला. पटकथेवर तुमिनाडनी वर्षानुवर्षं काम केलं होतं, चित्रीकरण त्यानंतर.